वकीलसाहेबांचं बोळिंग

आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांना येत नाही अशी एकही गोष्ट निजामाच्या मुलखात नव्हती. मुलखाबाहेरचं मी सांगू शकत नाही, कारण ते आष्टीहून फार लांब कधी गेले नव्हते.

मी तेव्हा आष्टीच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मास्तर होतो. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे वकीलसाहेबांचं ज्ञान मला न मागता मिळत असे. मुन्सिफाच्या कोर्टात त्यांची वकिली चाले ती उर्दूत. त्या उर्दूतल्या चुका ते इतक्या ठामपणे करत की नव्या वकिलांनी त्या शुद्ध समजून उचलल्या होत्या. उन्हाळ्यात गावची पोरं बारवेत पोहायला उतरली की वकीलसाहेब काठावर शेरवानीसकट उभे राहून पाय कसे मारायचे ते सांगत. स्वतः ते गुडघाभर पाण्यातसुद्धा कधी शिरले नव्हते. एकानं धीर करून विचारलं, "साहेब, तुमी कधी उतरनार?" वकीलसाहेब म्हणाले, "मी उतरल्यावर वरून सांगनार कोन?" भजनी मंडळाची पेटी बिघडली तेव्हा त्यांनी ती घरी आणून उघडली आणि संध्याकाळी परत मिटली. त्यानंतर पेटीतला एक सूर भाता हलवला की आपोआप वाजू लागला आणि काही केल्या थांबेना. वकीलसाहेबांनी सांगितलं की चांगल्या पेटीत असा एक कायमचा सूर असावाच लागतो, गाणाऱ्याला आधार होतो. नगरहून दुरुस्तीवाला येईपर्यंत मंडळी त्या आधारावर गात राहिली.

'मला येत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. बाहेरच्यांना त्याची गंमत वाटे. घरात मात्र त्यापायी एक फार वाईट गोष्ट होऊन बसली होती. त्यांचा एकुलता मुलगा रंगनाथ वकिलीच्या परीक्षेत नापास झाला आणि घरी येऊन सरळ म्हणाला, "दादा, मला हे येत न्हाई. कायद्यात माझं डोकं चालत न्हाई." वकीलसाहेबांना नापास होण्याचं एवढं वाटलं नसतं. ते म्हणाले, "आपल्या घरात असं कोनी म्हनत न्हाई," आणि तिथून बोलणं थांबलं. गावाबाहेर सरकारनं तळ्याचं काम काढलं होतं, तिथं रंगनाथ मजुरांची हजेरी घ्यायला लागला. बापलेक एकाच पंगतीला, शेजारशेजारच्या पाटांवर बसत. वकीलसाहेब समोर बघून बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, म्हणत, "त्याला इचार, ताक पायजे का." रंगनाथ म्हणे, "दादांना सांग, नको." वहिनी दोघांच्या मध्ये ताकाचं भांडं धरून उभ्या राहत. असं वर्षभर चाललं होतं.

तळ्याच्या कामावर एक गोरा इंजिनिअर होता. एकटाच राही, आणि करमत नव्हतं म्हणून की काय, त्यानं बंगल्यामागं पत्र्याखाली लाकडी फळ्यांची एक लांबच लांब गुळगुळीत पट्टी करून घेतली होती. पट्टीच्या दोन्ही बाजूंना नाल्या. टोकाला बाभळीचे दहा खुंट, बाटलीच्या आकाराचे, सुताराकडून घडवून घेतलेले. या टोकाकडून लाकडी गोळा सोडायचा आणि ते पाडायचे. साहेब त्याला बोलिंग म्हणे, गाव बोळिंग म्हणे. तहसीलदारांकडे ईदेची दावत होती, तिथं साहेबानं या खेळाचं वर्णन केलं आणि हसत विचारलं, "यहाँ कोई खेलता है?"

वकीलसाहेब म्हणाले, "जी हाँ."

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. हातातला घास हातातच राहिला. साहेबाला इतका आनंद झाला की त्यानं उठून त्यांचा हात हातात घेतला आणि येत्या शुक्रवारी, कचेऱ्यांच्या सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांनाच बोलावलं. परतताना मी वकीलसाहेबांना विचारलं, "साहेब, हा खेळ तुम्ही बघितलाय कधी?"

"न्हाई."

"मग?"

"दहा खुंट हायेत, एक गोळा हाय. त्यात बघायचं काय?"

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी परसात तालीम केली. वहिनींचे पितळी तांबे ओळीत मांडले आणि नारळ सोडला. नारळ थोडा सरळ गेला, मग त्याला दुसरं काही सुचल्यासारखा वळला आणि गोठ्यात म्हशीच्या पायाशी जाऊन थांबला. दुसऱ्यांदाही तो म्हशीकडेच गेला. तिसऱ्यांदा एका तांब्याला पोचा आला, तेव्हा वहिनी बाहेर आल्या आणि तांबे उचलून आत घेऊन गेल्या. "झाली तालीम," वकीलसाहेब म्हणाले. "अंगन उतरतं हाय. तिथं सपाट असंल."

शुक्रवारी तहसीलदार, मुन्सिफ, दवाखान्याचे डॉक्टर, सगळे खुर्च्या टाकून बसले. वकीलसाहेब शेरवानी घालून, डोक्याला नवा रुमाल बांधून आले. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला खुंट मांडत कोण उभा होता, तर रंगनाथ. संध्याकाळी जोडीदार हवा म्हणून साहेबानं त्याला कधीच खेळ शिकवला होता. हे ना मला ठाऊक होतं ना वकीलसाहेबांना. त्यांनी मुलाकडे बघितलं आणि लगेच वरच्या पत्र्याची पाहणी सुरू केली.

गोळ्याला दोन भोकं होती, एक अंगठ्याला, एक बोटाला. वकीलसाहेबांचा अंगठा जाड. त्यांनी तो पिळून पिळून आत घातला, चार पावलं धावले आणि हात पुढे फेकला. गोळा निघाला. अंगठा आतच असल्यामुळे वकीलसाहेबही निघाले. फळ्यांना तेल पाजलेलं होतं, त्यामुळे प्रवास विनासायास झाला. ते पोटावर घसरत निम्म्या वाटेपर्यंत गेले, तिथं अंगठा सुटला आणि गोळा एकटाच पुढे जाऊन सावकाश नालीत उतरला. रुमाल त्यांच्याही पुढे गेला. खुंट दहाच्या दहा जागेवर होते.

वकीलसाहेब उठले, शेरवानी झटकली आणि म्हणाले, "फर्श में खोट है."

दुसरा गोळा हात मागे नेतानाच सुटला आणि आमच्याकडे आला. मुन्सिफांनी पाय वर घेतले. "हवा," वकीलसाहेबांनी खुलासा केला. तिसरा गोळा त्यांनी दोन्ही हातांनी, पायांच्या मधून ढकलला. तो निम्म्यात थांबला आणि तिथंच राहिला. आतापर्यंत तहसीलदार हैदराबादी अदबीनं रुमालात खोकत होते, त्यांचा संयम सुटला. डॉक्टर बाहेर जाऊन भिंतीला टेकले. पत्र्याखालची सगळी मंडळी हसत होती.

"काहून हसतेत?" वकीलसाहेब मला हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

हसत नव्हता तो रंगनाथ. तो पलीकडून फळ्यांवरून चालत आला, वाटेत पडलेला रुमाल उचलला, झटकला आणि वडिलांच्या हातात दिला. वकीलसाहेब रुमालाकडे बघत राहिले. मग फक्त त्याला आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, "रंगनाथ, मला न्हाई येत रे हे. कसं करतेत?"

रंगनाथनं एक गोळा उचलून त्यांच्यापुढे धरला. मग म्हणाला, "आदी अंगठा सैल सोडा, दादा."

घरी आल्यावर वहिनींनी भिंतीवरून मला विचारलं, काय झालं म्हणून. मी सांगितलं. "कोन कोनाला म्हनलं?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ते आणखी एकदा सांगायला लावलं. संध्याकाळी आमच्याकडे शिऱ्याची वाटी आली, कारण काही कळवलं नव्हतं.

त्यानंतर दर शुक्रवारी बापलेक बंगल्यावर जाऊ लागले. साहेबाची हरकत नव्हती, मलाही नेत. रंगनाथ शिकवी, खांदा कसा ठेवायचा, नजर खुंटांवर नाही, फळ्यांवर ठेवायची. वकीलसाहेब विद्यार्थी म्हणून फार मठ्ठ होते. एकच गोष्ट चारचारदा विचारत. परीक्षा, नोकरी, गेलं वर्ष, यातलं अवाक्षर कोणी काढत नसे. अंगठा, खांदा, पाय, एवढ्यावरच त्यांचा संसार चालला होता. पण घरी पानावर बसल्यावर वकीलसाहेब आता थेट म्हणत, "ताक घे रे."

एका शुक्रवारी रंगनाथला बांधावरून यायला उशीर झाला. साहेबही नव्हता. वकीलसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं, गोळा उचलला आणि डावा पाय पुढे टाकत असा अलगद सोडला की कोपऱ्यातला एक सोडून सगळे खुंट आडवे झाले. मी तोंड उघडणार तोच बाहेर रंगनाथच्या वहाणा वाजल्या. वकीलसाहेबांनी घाईनं जाऊन खुंट उभे केले, परत आले आणि गोळा छातीशी धरून, उजवा पाय पुढे टाकून उभे राहिले.

"रंगनाथ, पाय कोनता पुढं रे?"

"डावा, दादा."

"असं व्हय."

मी काही बोललो नाही. शेजारी राहायचं होतं मला.

तळं पुरं झालं, तसा साहेब खुंट आणि गोळे पेटीत भरून निघून गेला. रंगनाथची नेमणूक नांदेडकडच्या कामावर झाली. नगरच्या स्टेशनावर जायची बैलगाडी जुंपली, वहिनींनी दशम्या बांधून दिल्या, आणि वकीलसाहेब मुलाला म्हणाले, "पानी उकळून पी." आणखी काहीतरी म्हणायचं होतं असं वाटलं, पण गाडीवाल्यानं बैल हाकले.

पुढच्या शुक्रवारी वकीलसाहेब रुमाल बांधून माझ्या दारात उभे. "चला मास्तर, तळ्यावर जाऊ." बंगल्याला कुलूप होतं. आम्ही बांधावर बसलो. पाण्यावर वाऱ्याच्या बारीक लाटा होत्या. पाणी किती खोल, बांध कसा बांधतात, मासे कुठून येतात, यातलं ते मला काहीच सांगेनात, तेव्हा मला काळजी वाटू लागली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्याचा हात लई हलका हाय, मास्तर. बघितला तुमी? गोळा सुटल्याला कळत न्हाई."

"त्याला सांगितलंत का हे?"

"न्हाई," ते म्हणाले.

दिवाळीला रंगनाथ आला. पाडव्याच्या दुपारी मी ओसरीवर पडलो होतो. भिंतीपलीकडून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एक आवाज थांबे, दुसरा सुरू होई, मध्ये कोणीतरी हसे. वहिनी दोनदा जेवायला हाक मारून गेल्या. दोघांपैकी कोणीच उठलं नाही.