मामांचा कान आणि मामींचे हात

जगात मोठ्यानं बोलणारी माणसं पुष्कळ असतील, पण आमच्या सौभाग्यवतींच्या कबनूरच्या मामांइतक्या मोठ्यानं कानगोष्ट करणारा माणूस अजून जन्मायचाय! उभी हयात त्यांनी यंत्रमागांच्या खडखडाटात काढली. तिथं सगळा कारभार हातवाऱ्यांवर आणि ओठ वाचण्यावर. कान कधी गेले, मामांना कळलंसुद्धा नाही. मामीही मग घरात हातांनीच बोलू लागल्या. चहा, जेवण, पाहुणे, सगळं बोटांवर. भांडणसुद्धा! एकदा जेवताना मामा माझ्याकडे झुकले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "पावणं, तुमच्या मामीचा आवाज कसा हुता, इसरलो बघा." दुसऱ्याच दिवशी त्यांना गाडीत घालून कोल्हापूरला आणलं.

श्रवणयंत्रवाल्या ताईंनी त्यांना हेडफोन लावून काचेआड बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं. अहो, कसला बारीक आवाज असू दे, मामांचं बोट वर! ताई चकित, मी चकित. त्या तपासणीवरून कुठला आवाज किती वाढवायचा याची रेघ संगणकानं काढली, ताईंनी यंत्र त्या रेघेला अगदी चिकटवून दिलं, आणि मामांना ढिम्म ऐकू येईना.

"मशीन बाद हाय!" मामा गरजले.

"मग मघाशी कसं ऐकू आलं?"

मामांनी ताईंचे ओठ वाचले. "ऐकलंय कुणी? बटन दाबताना खांदा हालतोय की तुमचा!"

झालं! खुर्ची भिंतीकडे फिरली, नव्यानं तपासणी झाली, नवी रेघ निघाली. आता ताईंनी यंत्राबरोबर एक बारीक नळी कानात सरकवली, आत नेमका किती आवाज पोचतो ते मोजायला. स्पीकरवर कुणीतरी बोलू लागलं. स्क्रीनवर मामांच्या कानातली रेघ पार खाली लोळत होती. ताई आवाज वाढवत गेल्या आणि ती चढायला लागली.

"चढतीया! आयला, चढतीया!" मामा खुर्चीतून अर्धे उठले.

"मामा, गप्प बसा हो! यंत्र तुमचंच ओरडणं मोजतंय!" ताई म्हणाल्या.

मामांनी तोंडावर हात दाबला. मीही श्वास रोखून उभा. वर सरकत सरकत ती रेघ ठरलेल्या रेघेवर जाऊन बसली आणि आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी मामाच दचकले. "मी बी एवढ्यानंच बोलतो व्हय?" त्यांनी विचारलं. खोटं कशाला बोलू? मी मान डोलावली.

संध्याकाळी कबनूरला पोचलो तर मामी दारातच. सवयीनं हात उचलून त्यांनी 'काय झालं?' अशी बोटं फिरवली. मामांनी पुढं होऊन त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

"आता तोंडानं सांग."

माझ्याकडं बघून मामी लाजल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "हात सोडा की. पावणं बगत्यात."

मामांनी हात सोडले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आनी एकदा म्हण," ते म्हणाले, आणि इतक्या हळू बोललेले मामा मी पहिल्यांदाच ऐकले.