झाकण बांधलेली किटली

बातमी घेऊन आलेला माणूस चालत आला. आमच्या रत्नागिरीत मोठा माणूस रस्त्यानं पळताना दिसला की लोक ओटीवरून उठून उभे राहतात. कोणी गेलं, कोणी विहिरीत पडलं, नाहीतर एसटी सुटली... याखेरीज पळायला कारण नसतं. त्या सकाळी ताईच्या शेजारचे दत्ताराम माझ्या दारात आले ते मात्र सावकाश. पायरीवर बसले, पाणी मागितलं, आणि मग म्हणाले, "नाना गेले. चहा ठेव म्हणाले होते. वहिनी कप घेऊन बाहेर आल्या, तर खुर्चीतच..." घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ते चालत आले होते. पण लिहायला लाज वाटते, मला पहिलं सुचलं ते हे, की नानांची बातमी तरी कोणीतरी पळत आणायला हवी होती.

नाना म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव त्यांना नाना म्हणे, मी भावोजी म्हणत असे. मूळचे पूर्णगडचे, नोकरी इथल्या कोर्टात कारकुनाची. अंगानं शेलाटे, बोलायला थोडे, आणि कोणी काही सांगितलं तर ‘बरं’ म्हणणारे. साहेबांना बरं, ताईला बरं, भाजीवालीलाही बरं. अशा माणसानं चाळिशी ओलांडल्यावर एक दिवस पळायला सुरुवात केली, आणि ती इतकी वर्षं सोडली नाही, हे गावाला कोडंच होतं. पळायचं ते पोलीस भरतीच्या पोरांनी. संसारी माणसानं खाकी अर्धी चड्डी घालून भाट्याच्या पुलावरून धावत सुटायचं म्हणजे काय! कोणी म्हणे मधुमेह झालाय, कोणी म्हणे नवस असेल, आणि कोर्टातले लोक म्हणत, ताईंच्या हाताला चव फार, पचवायला लागतं.

या सगळ्यांसाठी नानांनी एक उपाय काढला होता, तो म्हणजे किटली. ॲल्युमिनियमची, दीड-दोन लिटरची. पूल ओलांडून भाट्यात एका गोठ्यावर दूध मिळे. हातात किटली असली की पळणाऱ्याला कारण मिळतं. जाताना रिकामी किटली घेऊन पळत जायचे, येताना दूध हिंदकळू नये म्हणून चालत यायचे. रिकाम्या किटलीचं झाकण पळताना खडखडे, आळीतल्या कुत्र्यांना जाग येई, म्हणून आदल्या संध्याकाळी ते झाकण कडीला सुतळीनं घट्ट बांधून ठेवत. गोठ्यावर पोचलं की सुतळी सोडून खिशात टाकायची. हे सगळं मी पाहिलेलं आहे, कारण एका हिवाळ्यात काही आठवडे मीही त्यांच्याबरोबर पळालो. राजिवड्याचे हुसेनभाई त्या वेळी जाळी घेऊन होडीकडं निघालेले असत. ते रोज ओरडून विचारत, "नाना, आज कोण गेला?" आणि नाना न थांबता ओरडत, "अजून कोण नाय! बघून येतो!" दोघं रोज तेच बोलत आणि रोज हसत. पहिल्या दिवशी माझ्याकडं बघून हुसेनभाई म्हणाले, "आज दोघं? म्हणजे मोठा माणूस गेला वाटतं!" मलाही हसू आलं. पण आठवड्याभरात बँकेत माझे सहकारी मला ‘एसटी मिळाली का?’ विचारू लागले, तेव्हा मला हसू येईना. सर्दीचं निमित्त करून मी जाणं बंद केलं. भावोजींनी एकदाही विचारलं नाही, सर्दी अजून आहे का म्हणून.

त्या दिवसांत येताना चालता चालता मी त्यांना विचारलं होतं, हे कशासाठी? ते पुलाच्या कठड्याला टेकले. खाली ओहोटीचं पाणी समुद्राकडं ओढ घेत होतं. त्यांचे वडील पूर्णगडला अंथरुणाला खिळले होते, ती गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. निरोप संध्याकाळी आला. स्टँडवर पोचले तो शेवटची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. हे मागं धावले. कंडक्टर दारात उभा राहून हात पुढं करत होता, "या, या, साहेब, या!" म्हणत होता. वळणापर्यंत धावले आणि दम संपला. गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले. सकाळच्या गाडीनं गेले तेव्हा वडील अंगणात उतरवलेले होते. "कंडक्टरचा हात आठवतो रे," ते म्हणाले. "एवढा एवढासाच राहिला होता." मी म्हटलं, पण आता कोणाला गाठायचंय? त्यांनी किटली दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "सुरुवात कशानं झाली ते सांगता येतं, अनंता. चालू का राहिलं ते नीटसं नाही येत सांगता. पण बघ, घरात, कोर्टात, बाजारात, कोणी हाक मारली की थांबावं लागतं. पळणाऱ्याला कोणी हाक मारली तरी चालतं. थांबावं लागत नाही."

त्या माणसाला हाक मारून मी थांबवलं. तेच सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

सुनंदाचं, म्हणजे माझ्या भाचीचं, लग्न ठरत होतं. मुलगा चिपळूणचा, नोकरीचा, माणसं चांगली. मुलाचे एक काका इथं रत्नागिरीत असत. त्यांनी भावोजींना पुलावर पाहिलं आणि मध्यस्थाकडं चौकशी केली की मुलीच्या वडिलांचं डोकं वगैरे ठीक आहे ना. ताई हादरली. मला बोलावून घेतलं. म्हणाली, "तूच सांग त्यांना. माझ्या तोंडून नाही निघायचं. लग्न होईपर्यंत तरी हे थेर पुरे म्हणावं." मी तयार झालो. नुसता तयार झालो नाही, आतून मला बरं वाटलं. मला जे चार माणसांच्या हसण्यामुळं सोडावं लागलं होतं ते हा माणूस वर्षानुवर्षं करत होता, आणि आता त्यालाही सोडावं लागणार होतं. हे तेव्हा मला कळलं नव्हतं. आता कळतं, म्हणून लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुलाच्या अलीकडच्या टोकाला लुना लावून उभा राहिलो. घरी बोलता आलं असतं, पण घरी माझा धीर झाला नसता. ते आले, नेहमीच्या चालीनं, किटलीचा हात अंगापासून थोडा लांब धरून. माझ्यासमोरून पुढं गेले, मान हलवली, हसले. मी मागून हाक मारली, "भावोजी!" आणि ते थांबले. वळून, धापा टाकत म्हणाले, "काय रे? कोण गेलं?" हुसेनभाईंचीच थट्टा, पण डोळ्यांत खरी भीती होती. मी म्हटलं, कोणी नाही, सगळं ठीक आहे. आणि मग काकांचं सांगितलं. ते ऐकत होते. अर्धी चड्डी, घामानं चिकटलेला गंजीफ्रॉक, हातात सुतळीनं बांधलेली किटली... बोलताना मला त्यांच्याकडं बघवेना. "लग्न होईपर्यंत ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, हो. लग्न होईपर्यंतच." ते म्हणाले, "बरं." आणि तिथून पुढं गोठ्यापर्यंत चालत गेले.

लग्न वैशाखात झालं, चांगलं झालं. मुलाचे काका पंगतीत भावोजींच्या शेजारी बसले आणि त्यांनीच आग्रह करकरून भावोजींच्या पानात वाढायला लावलं. त्या दिवसापासून माझं एक काम शिल्लक होतं. भावोजींना एवढंच सांगायचं होतं की झालं लग्न, आता पळा. मी थांबवलं होतं, तेव्हा मीच सांगायला हवं होतं. पण लगेच पाऊस आला, मनात म्हटलं, पावसात कोण पळतंय! मग गणपतीला जावई पहिल्यांदा येणार होते. मग दिवाळसण. मग सुनंदाला दिवस गेले आणि चिपळूणची माणसं येऊन-जाऊन असू लागली. दर वेळी वाटे, हे एवढं होऊन जाऊ दे. खरं सांगायचं तर काही महिन्यांनी मी विसरूनच गेलो. नाना आता चालतात, याची गावाला सवय झाली. हुसेनभाई एकदा मला बाजारात भेटले, म्हणाले, "नाना हल्ली चालतो. बरं हाय ना सगळं?" मी म्हटलं, सगळं बरं आहे. ते म्हणाले, "मी विचारतो आज कोण गेला, तर नुसता हात वर करतो."

ते गेल्यावर डॉक्टरांना मी विचारलं, पळणं बंद झाल्यामुळं असं झालं असेल का? डॉक्टर म्हणाले, तसा संबंध लावू नका, पळत राहिले असते तर कदाचित आधीच गेले असते, कोणी सांगावं. त्यांनी माझ्या समाधानासाठी सांगितलं असेल, किंवा खरंही असेल. त्याचा निकाल मला मिळणार नाही, आणि आता मी तो मागतही नाही. मला त्यांच्या मरणापेक्षा त्याआधीचे महिने जास्त छळतात. रोज सकाळी तोच रस्ता, तोच पूल, तीच किटली, आणि पळायचं नाही. स्वतःच्या मनानं सुरू केलं असतं तर कोणी अडवणार नव्हतं. पण त्यांनी मला ‘बरं’ म्हटलं होतं, आणि तो शब्द सोडवायला माणूस यायचा होता.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी ताईकडं गेलो. ती पडवीत बसली होती. दूध आता माणूस घरी आणून घालतो, ते ती पातेल्यात घेते. इकडचं तिकडचं झालं आणि मधेच ती म्हणाली, "तू येऊन गेलास ना, की हे विचारायचे, अनंता काही म्हणाला का? मी म्हणायची, कशाबद्दल? तर म्हणायचे, काही नाही, सहज." मग तीच पुढं म्हणाली, "मला वाटायचं, तुमचं दोघांचं काही देणं-घेणं असेल. होतं का रे काही?"

मी ताईला अजून सांगितलेलं नाही. हा लेख छापून आला की ती वाचेल.

तेव्हा मला तिच्याकडं बघणं झालं नाही म्हणून मी भिंतीकडं पाहिलं. खुंटीला किटली होती. कडीला सुतळी, झाकण बांधलेलं, वर छोटीशी सुरगाठ. चालत जाणाऱ्याला झाकण बांधावं लागत नाही. मी ताईला विचारलं, हे कोणी बांधलं? "तेच," ती म्हणाली. "आदल्या संध्याकाळी. रोज बांधून ठेवायचे. लग्नानंतरसुद्धा. मी म्हटलंही एकदा, आता कशाला? तर म्हणाले, असू दे, सकाळी घाई नको." ती उठून आत गेली. मी किटली खुंटीवरून काढली, हातात धरली, आणि ते पळताना धरायचे तशी अंगापासून थोडी लांब धरून जोरात हलवून पाहिली.

झाकण वाजलं नाही.