झोपेत जाणाऱ्यांचं घराणं

"झोपलो नाही गा, डोये मिटून आयकून राहिलो."

हे वाक्य त्याच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. ऐकून राहिलो म्हणायचा आणि पुढच्याच श्वासाला घोरायचा. कोराडीच्या वीज केंद्रात आम्ही एका पाळीला होतो, कॉलनीतले क्वार्टर भिंतीला भिंत लागून. मी चौथीत शाळा सोडली, लिहिण्याची सवय नाही. पण या माणसाबद्दल लोक जे बोलतात ते चूक आहे आणि ते मला सहन होत नाही, म्हणून लिहायला बसलो. त्याचं नाव देणार नाही. कोणी विचारूही नये.

तुम्ही त्याला पाहिलं असतं तर हसला असता. मान अशी नव्हतीच, डोकं थेट खांद्यावर आणून ठेवल्यासारखं. शहरातल्या महाल भागातला शिंपी माप घेताना म्हणायचा, "भाऊ, कॉलर लावू कुठं? जागा तर दाखवा." हनुवटी लहान, मागे दबलेली, ती झाकायला दाढी ठेवायचा. त्याच्या बापाचा फोटो भिंतीवर होता. दाढी काढली असती तर तोच माणूस. आणि पोरगीही तशीच. मोठी गोड पोरगी, पण मान बापाची, हनुवटी बापाची.

त्याचं काम कोळशाच्या पट्ट्यावर. पट्टा चालत राहतो आणि त्यावरच्या कोळशातून दगड, लोखंड वेचून काढायचं. तिथं डुलकी लागली म्हणजे हात गेला. म्हणून तो बसायचाच नाही. उभा राहायचा, दाताखाली हिरवी मिरची धरून. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी पापण्या खालीच यायच्या. एकदा साहेब ओरडले, "रात्री काय करतोस रे?"

"झोपतो साहेब. पोटभर झोपतो."

सगळे हसले. पण ते खरं होतं. रात्रभर झोपायचा आणि सकाळी ओझं वाहिल्यासारखा दमून उठायचा, डोकं धरून. आळशी असं नाव पडलं. पाळीभर मिरची चावत उभा राहणारा माणूस आळशी कसा, ते मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

त्या घराला एका गोष्टीची मोठी ऐट होती. आजा झोपेत गेला, बाप दुपारचा जेवून लवंडला तो उठलाच नाही. "आमच्या घरचे माणसं झोपेत जातात गा," तो सांगायचा. "ना दवाखाना, ना कण्हणं. पुण्याई लागते त्याले." त्याची बायकोही नवससायास सांगावेत तसं हे आल्यागेल्याला सांगायची.

पोरीला पाहायला महालातले भांड्याचे दुकानवाले आले, तेव्हा मी तिथंच होतो. पोरगी चहा घेऊन आली, मुलाचा बाप तिला शिवणटिपण विचारू लागला, आणि आमचे यजमान पोह्याची बशी हातात धरून घोरायला लागले. आवाज असा की बाहेरचं कुत्रं उठून गेलं. बायकोनं चिमटा काढला. हा दचकला, बशी सावरली आणि म्हणाला, "झोपलो नाही गा, डोये मिटून आयकून राहिलो."

मला वाटलं, गेलं स्थळ. पण तो व्यापारी मांडीवर थाप मारून हसला. "ज्याच्या मनात पाप नाही ना, त्याले अशी झोप लागते. घर चांगलं आहे. आमची पसंती!" वैशाखातली तारीखही तेव्हाच ठरली. झोपेनं त्याच्यावर केलेला तेवढा एकच उपकार.

मग तो एक दिवस पट्ट्यावर झुकत गेला. शर्टाला धरून मी मागे ओढला. दुसऱ्या दिवशी त्याचं काही न ऐकता बसमध्ये घातला आणि रामदासपेठेत एका मोठ्या डॉक्टरकडे नेला. घरी सांगितलं, लग्नाची खरेदी आहे.

डॉक्टरनं त्याचा जबडा पाहिला, घसा पाहिला, मानेला फीत लावली. मग म्हणाले, "तुम्ही झोपता तेव्हा घसा आतून मिटतो. श्वास अडतो. जीव घाबरून तुम्हाला जागं करतो, तुम्हाला ते कळतही नाही. असं रात्रभर चालतं. ही झोप नाहीच." मान जाड आहे, वजन आहे, जबडा लहान म्हणून जिभेला जागा नाही, असं सगळं सांगितलं. मग विचारलं, "वडील कसे गेले?"

"झोपेत," तो म्हणाला. या वेळी ऐट नव्हती. "आजाही."

डॉक्टरनं तेही कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, वजन उतरवा, उताणे झोपू नका. पण तुमचं फार पुढं गेलं आहे, घशाखाली भोक पाडून श्वासाला वाट करून द्यावी लागेल. दुसरा उपाय आपल्या देशात अजून आलेला नाही.

त्यानं दोनच गोष्टी विचारल्या. "भोक दिसते का डॉक्टरसाहेब?"

"दिसेल."

"आन् हे पोरीले बी येते का?"

"चेहऱ्याची ठेवण तुमची असेल तर येऊ शकतं. तिलाही दाखवून घ्या."

बाहेर चहाच्या टपरीवर तो कप धरून उभाच राहिला. मग म्हणाला, "लग्नापर्यंत थांबू. तुले माह्या गळ्याची आण आहे, कोणाले सांगजो नको. बायकोलेही नाही."

"काहून बे?"

"गळ्याले भोक पाडलेला बाप, आन् घराण्यात रोग. कोण करीन पोरगी? लग्न झालं का दुसऱ्या दिवशी तूच घेऊन ये मले."

मी भांडलो. टपरीवरचे लोक पाहायला लागले इतका भांडलो. "पोरगी बाप मांगन का नवरा?"

"ती काहीच मांगत नाही गा," तो म्हणाला. "म्हणून तर."

शेवटी त्याच्या गळ्याला हात लावून मी शब्द दिला.

लग्नाच्या आधीच्या रविवारी मी बाजाराला गेलो होतो, हे माझ्या बायकोनं नंतर सांगितलेलं. त्यांच्या अंगणात बायका कुरडया घालत होत्या. तो आत जेवून लवंडला होता. घोरणं अंगणापर्यंत येत होतं आणि बायका हसत होत्या. "तुमच्या घरी बँडवाला सांगाचं कामच नाही वं!" मग आवाज थांबला. त्याच्या बायकोनं ओठावर बोट ठेवलं. "हळू बोला वं. आता कुठं शांत झोप लागली त्यांले."

सगळ्या बायका हळू बोलू लागल्या. कुरडया वाळत आल्या तरी हळूच बोलत होत्या.

मयतीला आलेला प्रत्येक माणूस म्हणाला, पुण्यवान, बापासारखा गेला. व्यापारीही आला. म्हणाला, असं मरण देवाघरचं, लग्न मोडत नाही, वर्षाच्या आत उरकून घेऊ. मी दात आवळून उभा होतो. शब्द दिला होता. दिवाळीनंतर लग्न झालं, कन्यादान मामानं केलं. लोक अजूनही त्याला आळशी पण भाग्यवान म्हणतात. तो दोन्ही नव्हता.

लग्न झालं तसा मी शब्दातून सुटलो. तिला थोडं रुळू दिलं आणि महालात तिच्या घरी गेलो. जावई चहा घेता घेता थट्टेनं म्हणाला, "काका, तुमची पोरगी बापाच्या वरताण घोरते!" आणि दुकानात निघून गेला. ती खाली पाहून हसली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. भर सकाळी जांभया देत होती.

मी तिला सगळं सांगितलं. घसा, जबडा, आजा, पणजा. रामदासपेठेतल्या डॉक्टरचा पत्ता दिला. म्हटलं, "उद्याच जा. तुले आत्ताच कळलं तर चाकूची पाळी येणार नाही."

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबाले हे माहीत होतं?"

"होतं."

"मंग ऑपरेशन काहून नाही केलं?"

माझ्या तोंडाशी खरं आलं होतं. समोर तिचं नवं मंगळसूत्र होतं, नवऱ्याचा शर्ट खुंटीवर होता, तिनं हातानं लावलेला पडदा होता.

"भ्याला," मी म्हणालो. "चाकूले भ्याला तुहा बाप."

"माहा बाप कोणाले भेत नव्हता, काका."

"भ्याला म्हणून सांगतो ना मी. होतो मी तिथं."

तिनं माझ्या हातातला अर्धा भरलेला कप काढून घेतला आणि आत गेली. परत बाहेर आली नाही.

ती डॉक्टरकडे जाऊन आली, हे मला जावयानं सांगितलं. माझ्याशी ती त्यानंतर बोललेली नाही. लग्नकार्यात दिसते, तोंड फिरवते. फिरवू दे. 'भ्याला' म्हटलं ते म्हटलं, तो शब्द मी फिरवणार नाही.