अण्णांनी सांधलेली गिटार

चौथा तास चालू होता. मी सातवीच्या वर्गावर होते आणि शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला. "बाई, घरून फोन आहे," एवढंच म्हणाला... त्याच्या उभं राहण्यावरूनच मला कळलं. माझे सासरे, अण्णा, चहा पिऊन पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेले होते. एक्क्याऐंशी वर्षांचे होते. दुखणं नाही, दवाखाना नाही. भेटायला आलेले म्हणाले, पुण्यवान माणूस. असेलही. मला मात्र रिक्षात बसल्यापासून त्यांचे हात आठवत होते. रुंद, अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलेले, सुताराचे हात.

अण्णा मूळचे वैरागजवळच्या खेड्यातले. तरुणपणी सोलापूरला आले आणि आयुष्यभर दारं, खिडक्या, शाळांची बाकं करत राहिले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात अण्णा, माझा नवरा सचिन आणि मी. मी या घरात आले ती गिटार घेऊन. कॉलेजात असताना शिकवण्या करून घेतलेली, जुनीच, पण आवाजाला गोड. लग्नानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हॉलमध्ये वाजवत बसले होते. अण्णा बाहेरून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "सूनबाई, ते आत ठेव. गावाकडनं पावनं यायलेत." आवाज चढवला नव्हता, रागही नव्हता. मी गिटार कपाटावर ठेवली. पाहुणे दोन दिवसांनी गेले. गिटार तिथंच राहिली, अकरा वर्षं. शाळा, स्वयंपाक, मग मुलगी... कुणी मनाई केली नव्हती हे खरं. पण कुणी काढ म्हटलं नाही आणि मीही काढली नाही.

चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलात शाळेतून आले, तर अण्णा जेवणाच्या टेबलाशी बसलेले आणि पुढ्यात गिटार. कपाटावरची बॅग काढताना गिटार त्यांच्या हातून पडली होती. नुकसान तसं मोठं नव्हतं. पुढच्या फळीला वीतभर बारीक चीर गेली होती. मी म्हटलं, "जाऊ द्या अण्णा, कोण वाजवतंय आता." त्यांनी मान वर केली. "त्येच तर," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तारा उतरवल्या. मला वाटलं, लगेच चिकटवून टाकतील. पण छे! "उन्हाळ्यात दारं आकसत्यात, तसं ह्ये बी आकसलंय. आदी जरा वल दावाय पायजे." साबणाच्या डबीला भोकं पाडून, तीत ओला स्पंज घालून त्यांनी ती गिटारीच्या पोटात ठेवली आणि वरून चादर गुंडाळली. रोज सकाळी स्पंज ओला करायचे आणि चिरेवरून नख फिरवून बघायचे. आठवड्याभरात फट मिटत आली. तोवर सांधा कितपत धरतो ते बघायला एक पातळ फळी मुद्दाम मोडून, सांधून, पुन्हा मोडून पाहिली. मी म्हटलं, "एवढं कशाला? दुकानातला गोंद लावा की." तर म्हणाले, "त्यो लावला की कायमचा बसला. आमचा सुतारांचा सरस बरा. उद्या कुनाला खोलायचं झालं तर गरम पान्यानं सुटतो. आपल्या मागनं काम करनाऱ्याचा इचार करावा मानसानं."

रविवारी सरस गरम झाला. घरभर उग्र वास. अण्णांनी तो बोटानं चोळून चिरेत जिरवला, वरचा पुसून घेतला. मग चीर वाढू नये म्हणून आतल्या बाजूनं नखाएवढे लाकडाचे तुकडे आडवे बसवायचे होते. त्यांचा हात काही गिटारीच्या भोकातून जाईना. "तुजा हात बारीक हाय, तू घाल." बोटाच्या टोकावर तुकडा घेऊन मी हात आत घातला. ते आरसा आणि मोबाइलची बॅटरी धरून सांगत होते, "जरा वर... हां, तितंच. दाबून धर. मी सांगीस्तवर हलू नगंस."

मला उठता येत नव्हतं. त्यांनी बहुधा तीच वेळ साधली. आरसा खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरी, पडली ती माज्या हातनं. पन वर ठेवाय लावली ती बी मीच की."

मी तुकडा दाबूनच धरला होता.

"पावनं काय म्हनतील म्हनून बोललो. ते गेल्यावर काड म्हनाय पायजे व्हतं. रोज दिसत व्हती कपाटावर... तरी काड न्हाय म्हनलो."

माझे डोळे भरून आले आणि पुसायला एकच हात मोकळा. "अण्णा, मीही काढली नाहीच की," मी म्हटलं.

"तू कशी काडशील? सांगितल्यालं व्हतं न्हवं."

त्यांनी आरसा उचलून आतला तुकडा पाहिला. मग म्हणाले, "आता सोड हात. धरलं आसंल."

सुनेपुढं बसून आपली चूक इतक्या सरळ सांगणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

नव्या तारा ते स्वतः नवी पेठेत जाऊन घेऊन आले. चीर आजही दिसते, केसासारखी रेघ. आवाज मात्र स्वच्छ आला. माझी बोटं अडखळत होती, टोकं लाल झाली. अण्णा खुर्ची ओढून समोर बसले होते. मी थांबले तसे म्हणाले, "संपलं? मग आजून एक लाव की." त्या दिवसापासून मी पुन्हा वाजवू लागले. आता शाळेतली सहा-सात मुलं माझ्याकडं शिकायला येतात. हे सगळं त्या एका रविवारपासूनचं.

तेराव्याला गावाकडची मंडळी आली होती. अण्णांचे धाकटे भाऊ, नामदेवकाका, निघताना माझ्याजवळ आले. "गिटार लई झ्याक वाजवतीस गं," म्हणाले. मी गोंधळले. त्यांच्यासमोर मी कधीच वाजवलं नव्हतं.

"दादा फोनात भरून आनायचा की. गावाला आला की पारावर बसून लावायचा. कोन बी असू दे. आमची सून हाय म्हनायचा."

पाहुणे गेल्यावर मी अण्णांचा फोन चार्जिंगला लावला. आत नऊ रेकॉर्डिंग होती, मला न सांगता केलेली. माझ्या चुका आहेत, मध्येच कुकरच्या शिट्ट्या आहेत. पहिल्याच्या शेवटी गिटार थांबते, आणि अगदी फोनजवळून, कुजबुजत, अण्णांचा आवाज येतो, "आता ह्ये बंद कुटनं करायचं?" ते त्यांना सापडलेलं नाही. पुढं चार मिनिटं फोन चालूच आहे... त्यांची पावलं, माठातून पाणी घेतल्याचा आवाज, एक खोकला, खुर्चीत बसताना टाकलेला सुस्कारा. गाणं मी कधी कधी मध्येच थांबवते. ती चार मिनिटं मात्र शेवटपर्यंत ऐकते.