दोन थंड्यांचा गणंग

कितीही उकळा, काही दाणे टणक ते टणकच राहतात. त्यांना गणंग म्हणतात. आजोबांनी आपल्या पोटच्या मुलाला, म्हणजे माझ्या मामाला, हेच नाव ठेवलं होतं. मामा बोलायला उशिरा शिकला, शाळेत गटांगळ्या खाल्ल्या, घड्याळं दुरुस्त करण्यात हात बसला तोवर केस पिकायला लागले होते. त्या नावाचा मला संताप यायचा. मामा मात्र हाक आली की मुकाट "ओ" द्यायचा.

आजी गेली आणि मागोमाग तिच्या आयरिसचा, त्या जांभळ्या फुलझाडाचा, गड्डाही कुजला. उरलं एक बोंड. मामाने त्यातल्या बिया भिजवल्या, ओल्या फडक्यात बांधल्या आणि फ्रिजात ठेवल्या. थंडी लागल्याशिवाय त्या रुजत नाहीत म्हणे. दोन-तीन महिन्यांनी काहींना मोड आले. आईने कडधान्य निवडायच्या सवयीने मोडाच्या तेवढ्या वाटीत काढल्या, बाकीच्या अंगणातल्या नळापाशी भिरकावल्या.

"गणंग होत्या रे!"

"अगं ताई, काहींना एक थंडी पुरत नाही. दोन लागतात!"

मामाने चिखल चिवडला. चिखलाच्याच रंगाच्या बिया, सापडतात कसल्या!

कुंडीतली रोपं मात्र बघता बघता तरारली. "बाळाचे पाय पाळण्यात दिसतात," म्हणत आजोबा त्यांच्याभोवती घुटमळू लागले, आणि मामा नको नको म्हणत असताना येता-जाता पाणी घालू लागले. सगळी रोपं मुळाशी सडली. आजोबांचं जेवण तुटलं. "तिची शेवटची खूण मीच बुडवली," एवढंच म्हणायचे. माझा सगळा राग तिथेच विरला.

पुढचा हिवाळा सरला. नळावर पाय धुताना आजोबांना गवताचं एक पातं दिसलं. ते उपटायला वाकले.

"बाबा, हात लावू नका!" मामा आयुष्यात पहिल्यांदा ओरडला.

त्याने गुडघे टेकून माती बाजूला केली. पात्याच्या बुडाशी सुरकुतलेली, मिरीएवढी बी अजून चिकटून होती.

"आईचंच आहे," तो म्हणाला. "ताईने टाकलेल्यातलं."

आजोबाही खाली बसले. मग हळूच त्यांनी मामाचा चिखलाचा हात धरला.

"याला दुसरी थंडी तरी मिळाली," ते म्हणाले. "तुझा निकाल मी पहिल्याच थंडीत लावला, बाळा."