रिकामं इंजिन

पंपवाल्या काकांच्या खोलीला खिडक्या दोन आणि शेजारी शून्य. तासभर डोंगर उतरलं की पाण्याची टाकी, टाकीजवळ वॉचमन, आणि वॉचमनच्या पलीकडे जग. काकू जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा लांब नोकरीला. वर उरले काका आणि डिझेलचं इंजिन. दोघांत बोलकं कोण, हे सांगायला नको.

कडाक्याच्या थंडीत हे इंजिन उठवणं म्हणजे रुसलेल्या जावयाची समजूत काढणं. काका पहाटे उठून इंजिनाखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवत, म्हणजे आतलं तेल पातळ होई. डिझेलही गारठून मेणासारखं थिजलेलं असे. त्याच्या नळीला गरम पाण्याची फडकी गुंडाळत. मग हँडल. पहिला ठोका पडला की म्हणत, "उठलास का रे राजा!"

विहिरीचं पाणी उपसून खालच्या टाकीत सोडायला तीन तास पुरत. पण दहा वाजता पंप थांबवला तरी काका इंजिन तसंच धडधडत ठेवत, पार दिवेलागणीपर्यंत. पाणीखात्याच्या साहेबांसाठी उत्तर तयार होतं, "गारठ्यात बंद केलं तर परत ठोका धरत नाही." उत्तर चोख होतं. खरं एवढंच, की इंजिन बंद झालं की खोलीत स्वतःच्या चहाचा घोट गिळलेला ऐकू येई.

या आठवड्यात इंजिनाने मान टाकली. हँडल मारून काकांचे खांदे निखळायला आले, पांढरा धूर निघाला, ठोका काही पडेना. दुसऱ्या दिवशी खालून मेकॅनिक आली. वयाने तिशीची, तोंडाने फटकळ. तिने धुराची नळी सोडवली, तर आत काळा चिकट थर.

"काका, हे इंजिन आहे की काजळाची डबी?"

"वय झालं असेल त्याचं."

"रिपोर्टात वयच लिहू ना मग? हे जाईल भंगारात. नवं येईल, खालून बटण दाबलं की सुरू होणारं. तुम्हीही मोकळे."

काका निखाऱ्यांकडे बघत राहिले. गप्प बसलं तर अब्रू वाचत होती आणि इंजिन जात होतं.

"आणि वय नसेल तर?"

"तर कुणीतरी तासन्‌तास रिकामं चालवलंय. ओझं नसलं की ते आतून तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी धरते. साफ होईल. पण चालवणाऱ्याला मेमो."

"मेमोच लिहा."

"पण का चालवायचात?"

चोख उत्तर जिभेवर होतं. काकांनी ते गिळलं.

"सोबतीला."

फटकळ बाईने बाह्या वर सारल्या. मग म्हणाली, "बारा नंबरचा पाना द्या."

दुपारपर्यंत दोघांनी काजळी खरवडली. तिसऱ्या हँडलला इंजिनाने ठोका धरला. तिने पंपाचा पूर्ण भार टाकला. इंजिन तासभर काळं ओकलं आणि मग धूर निवळला. मेमोवर काकांची सही झाली, पंप थांबला की दहा मिनिटांत इंजिन बंद.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी काकांनी खटका ओढला. सगळं थांबलं. त्यांनी कप धुतला. धुतलेला कप परत धुतला. घड्याळात सव्वादहाच झाले होते.

चौथ्या दिवशी इंजिन बंद करून काका खाली उतरले. वॉचमन दचकून उठला.

"काय काम काढलंत काका?"

"काही नाही."

वॉचमन काकांकडे बघत पुन्हा बसला आणि बाकावर जरा सरकला.