शेजारच्या सीटवरचा वाद

साखळीहून म्हापशाला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. कपाळावर ताजं गंध, अंगठा मोबाईलवर. हा सतत एवढं काय लिहितो, असा पहिल्या दिवसापासून मला संशय होता, म्हणून मी तिरक्या नजरेने त्याच्या मोबाईलमध्ये बघायचो.

तिथे एका धर्मावरून भांडण पेटलेलं असायचं. ‘मूळ भाषेत ग्रंथ वाचलात का?’ असं तो विचारायचा. मग नाव बदलून स्वतःलाच झापायचा, ‘आधी तुमच्या धर्मात बघा!’ पुन्हा पहिल्या नावाने, ‘संदर्भ सोडून बोलू नका.’ सगळी वाक्यं तयार, नुसती चिकटवायची.

शेवटी डिचोली जवळ आल्यावर मी विचारलंच, “तुमी नेमके कोणाच्या बाजूचे हो?”

“कोणाच्याच नाय,” तो शांतपणे म्हणाला. “मी नुसतो सुरू करून दितंय. फुडचा लोकच करतत.” मग गालात हसला. “देवळात मूर्तीक पाकळ्यो चिकटवन कौल लावतत मां? उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाय. दोनय अडकल्यो तर माणूस गपचूप घराक जाता. हंयसर मोबाईलवर कोणच घराक जाणा नाय.”

मी डिचोलीला उतरलो आणि मोबाईल काढला. काल अशाच एका वादात तावातावाने लिहिलेल्या माझ्या चार ओळींखाली उत्तर आलं होतं: ‘मूळ भाषेत ग्रंथ वाचलात का?’

वर बघितलं. बस सुटत होती, आणि खिडकीतून तो माझ्याकडेच बघत होता.

ऑफिसला उशीर होत होता. तरी तिथेच उभा राहून मी उत्तर लिहायला लागलो.